संभाजीनगरात प्यालेली जुनी व्हाइट वाइन, जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

नांदेडहून तपोवननी संभाजीनगरला भाच्याकडं गेलो होतो. वेरूळ बघितलं (मंगळवारी बंद असतं, तेवढं बघून निघा), येताना दौलताबादला सीताफळं घेतली. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मला सांगायचंय ते भाच्यानं रात्री काढलेल्या बाटलीचं.

ऑस्ट्रेलियाच्या हंटर व्हॅलीची सेमियों (पांढऱ्या द्राक्षाची एक जात, वाइनलाही तेच नाव), 2011 ची. आपल्याकडं समज असा की जुनी करायची ती रेड, व्हाइट लगेच संपवायची. बऱ्याच व्हाइटचं तसंच आहे, नाशिकची सॉव्हिन्यों ब्लां ताजीच चांगली. पण हंटरमधे सेमियोंची द्राक्षं लवकर तोडतात त्यामुळं आंबटपणा भरपूर नि अल्कोहोल 10-11 टक्क्यांच्या आसपास, आणि तो आंबटपणाच वाइनला वर्षानुवर्षं धरून ठेवतो. ग्लासात ओतली तर रंग सोनेरी, वास भाजलेल्या पावाचा नि मधाचा, असा वास बऱ्याचदा ओकच्या लाकडी पिंपामुळं येतो, पण ही वाइन पिंपात ठेवलेलीच नव्हती, हे सगळं नुसतं बाटलीत पडून राहून आलंय!! गोड अजिबात नाही, घोट गिळल्यावर लिंबाची धार बराच वेळ जिभेवर राहते. इतकी सुंदर व्हाइट मी आजवर प्यालो नव्हतो.

सोबत नाथसागरचा मरळ, तिखट कमी टाकून तळलेला, लै जमला. नान खलिया (नान नि मटणाचा मसालेदार रस्सा) संभाजीनगरात खायलाच पाहिजे पण वेगळ्या जेवणाला, त्याचा मसाला या वाइनला दाबून टाकतो.

परदेशातून कुणी येणार असेल तर त्यांनाच सांगा, ड्यूटी फ्री 2 लिटर आणता येतं म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात. पण आणायची तर हिवाळ्यात, आपल्याकडं एप्रिल-मेमधे पारा 40 च्या वर जातो, गाडीच्या डिकीत राहिली की वाइन गेलीच समजा. साठवायला अंधार नि 12-14 डिग्री पाहिजे, बुचाची असेल तर आडवी ठेवा. प्यायच्या आधी फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहू द्या, फार गार असली तर वासच येत नाही. तळाशी पांढरे खडे दिसले तरी बाटली फेकू नका, ते द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात, काही अपाय नाही. रंग पार तपकिरी नि चव सपाट असेल तर मात्र ओतून द्या.