टाकी बदलली, काटा मात्र जागचा हलेना

डिझेलचा वास येतोय हे मला बरेच दिवस माहीत होतं, पण जुन्या ट्रकला वास असायचाच असं म्हणून मी दुर्लक्ष करत राहिलो. मग एका सकाळी टाकीखाली तळहाताएवढा ओला डाग दिसला आणि वर बघितलं तर टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या कडेने धूळ भिजून काळी झालेली. पहिला उपाय साबणाचा केला. हसू नका, साधी साबणाची वडी झिरपत्या जागेवर घासून बसवली की गळती खरंच थांबते, डिझेलमध्ये साबण विरघळत नाही म्हणून. माझी तीन दिवस थांबली, चौथ्या दिवशी परत सुरू.

वेल्डिंग मारून टाक म्हणणारे बरेच भेटले. पण एकदा वापरलेली टाकी रिकामी असते तेव्हाच जास्त धोक्याची, आत हवा असते आणि तळाशी उरलेलं डिझेल तापलं की त्याची वाफ त्या हवेत मिसळते, मग ठिणगी लागायचा अवकाश. डिझेल पेट्रोलसारखं भसकन पेटत नाही हे खरं, पण वेल्डिंगच्या उष्णतेपुढे त्या खरेपणाचा काही उपयोग नाही. म्हणून नवीन टाकीच घेतली.

आता डिझेल किती उरलं ते दाखवणाऱ्या काट्याची गोष्ट. टाकी भरली की काटा बरोबर दाखवायचा, अर्ध्याच्या आसपास आला की एकदम रिकाम्यावर पडायचा, आणि अजून थोडं डिझेल संपलं की परत उठून पाव टाकी दाखवायचा. मला हे सगळं माहीत होतं आणि तरीही टाकी उतरवायच्या दिवशी काटा रिकाम्यावर दिसला तर मी म्हटलं चला, संपलंय. 20 लिटरचा एकच कॅन घेऊन खाली झोपलो आणि ड्रेन प्लग उघडला. कॅन काठोकाठ भरला आणि धार जशीच्या तशी! मग अंगठ्याने भोक दाबून धरलं, धाकट्या भावाला ओरडून बादल्या आणायला सांगितल्या, तो येईपर्यंत डिझेल कोपरावरून बगलेत. शेवटी मोजलं तर 40 लिटरच्या वर निघालं, म्हणजे 33-34 किलो वजन मी जॅकवर एकट्याने उतरवायला निघालो होतो.

पट्ट्यांच्या बोल्टांना आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारलेलं, तरी एक तुटलाच. पट्टा निघाल्यावर कळलं गळती कुठून होती. पट्ट्याखालच्या रबरात चिखल आणि ओल वर्षानुवर्षं अडकून बसलेली, बरोबर त्या रेषेत पत्रा खाल्लेला. आतूनही गंज होताच, पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं आणि निवांत पत्रा खातं. तुमची टाकी बाहेरून चकाचक दिसत असली तरी एकदा पट्टा सैल करून त्याखाली बोट फिरवून बघा.

पाइप काढताना कुठला इंजिनला जाणारा आणि कुठला परत येणारा यावर टेप लावून ठेवा, दिसायला दोन्ही सारखेच. तांब्याचे वॉशर नवीनच टाका, जुने परत बसवले की झिरपतात.

टाकीच्या वरचा सेंडर, म्हणजे डिझेलवर तरंगणारा फ्लोट ज्या दांडीला असतो आणि जे मीटरच्या काट्याला पातळी कळवतं ते युनिट, जुनंच वापरायचं ठरवलं. बाजारात सगळ्यांना चालणारा म्हणून एक मिळत होता पण असलं काही डोळे झाकून घेऊ नका, प्रत्येक मीटरचा ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचा, हिशेब वेगळा असतो. जुन्या फोर्डमध्ये रिकाम्याला साधारण 73 ओहम आणि भरल्यावर 10, जनरल मोटर्सच्या 1965 नंतरच्या बऱ्याच गाड्यांत रिकाम्याला 0 आणि भरल्यावर 90. म्हणजे चुकीचा बसवला तर टाकी भरली की काटा खाली आणि संपली की वर. माझं मीटर पहिल्या जातीचं, ओहम कमी तर काटा वर.

सेंडर उघडला तर आत बारीक तारेची गुंडाळी आणि तिच्यावरून सरकणारी पितळी जीभ. गुंडाळी मधोमध घासून चपटी झालेली, टाकी बहुतेक वेळा अर्धीच असायची आणि रस्त्याच्या धक्क्यांनी जीभ तिथेच थरथरत राहायची. मल्टीमीटर लावून दांडी हळूहळू फिरवली तर मध्यावर आकडा गायब, पुढे गेल्यावर परत हजर. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसलं आणि जीभ केसभर बाजूला वाकवली म्हणजे ती न झिजलेल्या जागेवरून चालेल, एवढ्यावर काम भागलं. फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघितला, बारीक भोक असेल तर आतली हवा फुगून बुडबुडे येतात. आले नाहीत. नवीन पॅकिंग टाकून सेंडर बसवला, त्याची पाच भोकं अशी असतात की तो एकाच बाजूने बसतो, त्यामुळे तिथे चुकायला वाव नव्हता.

डिझेल गाळून भरलं, हँड पंप मारून फिल्टरची एअर काढली, ट्रक सुरू झाला. आणि काटा रिकाम्यावर ठार मेलेला. अर्ध्यावर दगा देणारा परवडला, हा तर उठायलाच तयार नाही!

रागाच्या भरात मी डॅशबोर्डचे स्क्रू काढायला लागलो होतो, तेवढ्यात धाकटा म्हणाला, दादा, आधी वायर अर्थ करून बघ की. सेंडरवरची वायर काढून क्षणभर चेसीला टेकवली (फार वेळ टेकवून ठेवू नका, मीटर जळू शकतं) तर काटा लगेच वर सरकायला लागला. म्हणजे मीटर ठीक, वायरही ठीक. मग सेंडरची बॉडी आणि चेसी यांच्यात ओहम मोजले तर काहीच नाही, सर्किटच तुटलेलं. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सेंडरला अर्थ मिळतो टाकीच्या पत्र्यातून, आणि माझी नवीन टाकी जाड रंगाची, पट्ट्यांखाली नवं रबर, पाइपही रबरी. म्हणजे टाकी पूर्ण अधांतरी! जुन्या टाकीचं रबर झिजून पत्रा पट्ट्याला टेकला होता, तोच फाटका संसार इतकी वर्षं अर्थिंग देत होता.

सेंडरच्या एका स्क्रूला थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून वायर चेसीवर नेली, तिथला रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर टाकून आवळलं, वरून ग्रीस. की फिरवली. काटा उठला पण इतका सावकाश की परत काहीतरी बिघडलं असंच वाटलं. ते तसंच असतं. या जुन्या मीटरमध्ये करंटने पट्टी तापून वाकते आणि ती काट्याला ढकलते, म्हणून टाकीतलं डिझेल हिंदकळलं तरी काटा नाचत नाही.

काटा कुठे असताना खरं डिझेल किती ते बघायला सध्या टाकी परत रिकामी करून एक लाकडी काठी आणि मीटरच्या काचेवर चिकटवलेली कागदाची पट्टी असं काम चालू आहे. दर वेळी 5 लिटर ओतायचं, काठी बुडवायची, काठीवर खाच आणि कागदावर रेघ. टाकीचा तळ गोलसर असल्यामुळे खालच्या रेघा लांब लांब आल्यात आणि पाव टाकी म्हणून काटा जे दाखवतो ते खरं पाव नाहीच, त्याहून बरंच कमी आहे. 30 लिटरपर्यंत रेघा झाल्या, कॅन संपला, पुढच्या रेघा डिझेल आणल्यावर.