हात सुधारला, मग आता आग कशाची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लकवा झालेल्या पेशंटच्या घरी मी फिजिओथेरपीला जाते आणि दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी मला दारापर्यंत सोडायला येऊन हळूच विचारतं, "मॅडम, हात हलायला लागला, चालणंही सुधारलं, मग आता हे दुखणं कुठून आलं? समोरच्या काकांना तर केवढा मोठा झटका आला होता, त्यांचं काहीच कसं दुखत नाही?"

अशा वेळी मला एक मावशी आठवतात. झटक्यानंतर दोनेक महिन्यांनी त्यांच्या डाव्या अंगाची आग सुरू झाली. कापडाचा स्पर्शही सोसवेना, म्हणून गाऊनची डावी बाही कात्रीने कापून टाकलेली. पंख्याचा वारा लागला की हात पोटाशी घट्ट धरायच्या. घरच्यांनी वात समजून रोज तेल चोळलं, गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं. त्या शेकाने मनगटावर फोड आला, तो मात्र मावशींना कळलाच नाही. मी स्टीलचा चमचा गार पाण्यात बुडवून त्यांच्या डाव्या तळव्याला लावला. "गार लागतंय की गरम?" त्यांनी हात झटकन ओढून घेतला. "भाजलं गं!"

खऱ्या उष्णतेची जाणीव नाही आणि गार चमचा भाजतो. म्हणजे बिघाड हातात नाही, हाताची खबर मेंदूपर्यंत नेणाऱ्या वाटेवर आहे. मेंदूत खोलवर थॅलॅमस नावाचा भाग असतो. ऊन-गार, स्पर्श, वेदना या सगळ्या खबरा तिथून पुढे जातात. तिथे झटका आल्यावर होणाऱ्या या दुखण्याचं वर्णन पॅरिसमध्ये देजेरीन आणि रूसी या डॉक्टरांनी 1906 सालीच करून ठेवलंय. पुढे कळलं की थॅलॅमसच कशाला, त्या वाटेवर कुठेही, अगदी खाली मेंदूच्या देठात इजा झाली तरी हे होऊ शकतं.

आता काकांचं. 1995 साली डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी झटका आलेल्या रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं. शंभरातल्या साधारण 8 जणांना हे दुखणं झालं. ज्यांची संवेदना बिघडली होती, त्यांच्यातही शंभरात 18 जणांनाच. झटका किती मोठा यापेक्षा तो नेमका कुठे बसला, याला महत्त्व आहे. 2012 साली 'ब्रेन' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात थॅलॅमसला इजा झालेल्या, पण दुखणं असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांचे स्कॅन एकमेकांशी ताडून पाहिले होते. दुखणाऱ्यांची इजा थॅलॅमसच्या मागच्या बाजूच्या एका छोट्याशा भागात एकवटलेली दिसली. बोटाच्या पेराएवढंही अंतर नसेल, पण तेवढ्याने एका माणसाची रात्रीची झोप जाते आणि दुसऱ्याची जात नाही.

मग गार चमचा भाजतो कसा? क्रेग या अमेरिकी संशोधकाचं म्हणणं मला फार पटतं. गारव्याची जाणीव एरवी दाहाच्या जाणिवेला दाबून धरते. गारव्याची वाट तुटली की दाहाला आवरणारं कुणी उरत नाही. हे निरोगी माणसालाही थोडं अनुभवता येतं. कोमट आणि गार अशा आलटून पालटून लावलेल्या दांड्यांवर हात ठेवला की चटका बसल्यासारखं वाटतं, हे 1896 मध्येच टुनबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने दाखवलं होतं. सगळ्या रुग्णांना क्रेगचं म्हणणं लागू पडत नाही, हेही खरं. काहींची गार-गरमची जाण बरीचशी शाबूत असते आणि तरी आग होतेच.

लकव्यानंतरचं प्रत्येक दुखणं असं नसतं, हेही ध्यानात घ्या. खांदा निसटल्याने किंवा आखडल्यानेही हात ठणकतो, त्याचे उपाय वेगळे. म्हणून आधी तपासून घ्या आणि तोवर बधिर अंगाला शेक अजिबात नको.

मावशींना मेंदूच्या डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन सुरू केलं. स्वीडनमध्ये 1989 साली या दुखण्याच्या अवघ्या 15 रुग्णांवर ते औषध वापरून पाहिलं होतं, त्यातल्या बऱ्याच जणांना आराम पडला. पण औषधाच्या दुकानात कुणीतरी सांगितलं, "ही डिप्रेशनची गोळी आहे." मावशी रडायलाच लागल्या. "म्हणजे माझ्या मनाचे खेळ म्हणतात का हे?" मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि चमच्याची आठवण करून दिली. तुमची आग खरी आहे, मावशी. मेंदूतल्या ज्या यंत्रणेवर ही गोळी काम करते, ती मनाच्या उदासीलाही लागते आणि वेदना आवरायलाही, म्हणून एकच गोळी दोन्हीकडे चालते.

आग पूर्ण गेली नाही. पण सहा-सात आठवड्यांनी सलग चार तास झोप लागायला लागली. तेल चोळणं बंद झालं. परवा गेले तेव्हा सून स्टुलावर चढून पंख्याच्या रेग्युलेटरवर एकच्या आकड्यापाशी लाल टिकली चिकटवत होती, म्हणजे घरात आलेलं कुणीही पंखा त्यापुढे फिरवणार नाही.