महालातल्या जुन्या अल्बममधले फोटो

नागपूरच्या महाल, इतवारीतल्या जुन्या घरांत अजूनही गावाचे फोटो सापडतात. काचेला चिकटलेला फोटो कृपया ओढू नका. पावसाळ्याच्या दमटपणात त्याचा जिलेटीनचा थर मऊ होऊन काचेला धरतो. ओढलात की चेहराच काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो मात्र डेंटल फ्लॉस खालून करवतीसारखा हळूहळू फिरवला की सुटतो.

स्कॅन करताना पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके), त्याहून लहानाला १२००. स्कॅनची मूळ प्रत टिफमध्येच, म्हणजे चित्राचा तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. नोंद मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

साल ठरवायला पाट्या वाचा. सीताबर्डीच्या फोटोत सरकारी पाटीवर 'मध्यप्रदेश' दिसलं, तर तो बहुतेक १९५० ते ५६ मधला, कारण तेव्हा नागपूर त्या राज्याची राजधानी होती. रेल्वे स्टेशनची आजची इमारत दिसली तर १९२५ नंतरचा.

आणि हो, फोटो लोखंडी कपाटात, पण गच्चीखालच्या खोलीत नको. मे महिन्यात तिथे भट्टी असते.