चार आसनांचे विमान आणि माझे वैद्यकीय प्रमाणपत्र

विमान घ्यायचे ठरल्यावर मी आधी विक्रीच्या जाहिराती चाळत बसलो आणि तिथेच चुकलो. खासगी वैमानिकाला कोणते विमान उडवता येईल हे पैशांइतकेच त्याच्या तब्येतीवरही ठरते. मी त्रेपन्न वर्षांचा. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅपचे, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारे, मशीन लावून झोपतो.

मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे नियम अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेचे. माझे तिसऱ्या श्रेणीचे मेडिकल, म्हणजे खासगी वैमानिकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, २०११ मधले होते आणि त्याची पाच वर्षांची मुदत कधीच संपली होती. ते नव्याने मागितले असते, तर या विकारामुळे खास मंजुरीची कागदपत्रे जोडत बसावे लागले असते. शिवाय अर्ज एकदा नाकारला गेला, की केवळ वाहनपरवान्याच्या आधारे स्पोर्ट पायलट (मर्यादित अधिकारांचा वैमानिक) म्हणून उडण्याचा मार्गही बंद होतो. अर्जच केला नसता, तर तो उघडा राहिला असता. नियमातली ही गंमत मला आजही पटलेली नाही, पण ती ठाऊक असलेली बरी.

त्या मार्गाने आता चार आसनांचे विमानही चालते, मात्र सोबत प्रवासी एकच नेता येतो. आम्ही घरात तिघे. म्हणून मी २०१७ पासून लागू झालेला, नव्या मेडिकलऐवजी चालणारा बेसिकमेड हा पर्याय निवडला: १४ जुलै २००६ नंतर कधीतरी मेडिकल मिळालेले असावे, दर ४८ महिन्यांनी कोणत्याही परवानाधारक डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी आणि दर २४ महिन्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करावा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ‘ही जबाबदारी माझ्या अंगावर नको’ म्हणत सही नाकारली. शेवटी वैमानिकांच्याच तपासण्या करणाऱ्या एका डॉक्टरांनी सीपॅपच्या वापराची नोंद बारकाईने पाहून सही केली.

मग विमान. पायपर चेरोकी १४० स्वस्त मिळत होते, पण त्याला दार एकच, तेही उजव्या पंखावर चढून गाठायचे, आणि बायकोचे गुडघे दुखतात. सेसना १७२ला दोन्ही बाजूंना दारे आणि पंख डोक्यावर. मी पाहिलेल्या १७२एनचे कमाल वजन २३०० पौंड, रिकामे वजन १४४० पौंड, उरले ८६०. वापरण्याजोगे ४० गॅलन इंधन प्रत्येकी सहा पौंडांप्रमाणे २४० पौंड खाते, आणि आम्ही तिघे मिळून ४९५. सामानाला उरतात १२५ पौंड. चौथे आसन आहे म्हणून चौथा माणूस बसवता येतोच असे नाही. हे विकणारा आपण होऊन सांगत नाही.

या विमानांतल्या ओ-३२०-एच२एडी इंजिनाचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) लवकर झिजतो अशी ख्याती आहे, विशेषतः विमान महिनोन्‌महिने उभे राहिले तर. आमच्या मेकॅनिकने ऑइल फिल्टर कापला, आतला घडीचा कागद उलगडून उन्हात धरला आणि त्यावरून चुंबक फिरवला. चुंबकाला बारीक, चमकता चुरा चिकटला. लॉगबुकात शेवटच्या चौदा महिन्यांत उड्डाणाची एकही नोंद नव्हती.

तो सौदा मी सोडून दिला. डॉक्टरांच्या सहीची मुदत अजून साडेतीन वर्षे आहे, तेवढ्यात दुसरे १७२ मिळेल.