दिवेआगरच्या घराचं नवं छप्पर

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. पोफळी गेल्या, समुद्राकडच्या पाख्यावरची कौलंही गेली. उरलेली वानरांनी फोडली. शाकारणीला माणूस तर हल्ली मिळतच नाही.

साधे पत्रे मला नकोच होते. पावसात त्यांच्याखाली बोललेलं ऐकू येत नाही. मग स्टोन कोटेड स्टील ठरवलं. आकार कौलाचा आणि पोलादावर दगडाचे बारीक कण. वजन चौरस मीटरला जेमतेम सहा-सात किलो, मंगलोरी कौलं चाळिशीच्या आसपास जातात. आमच्या जुन्या वाशांसाठी हे महत्त्वाचं होतं.

दुकानदार रंगांचंच कौतुक सांगत होता. मी विचारत होते कणांखालच्या, पोलादावर चढवलेल्या धातूच्या थराबद्दल, कारण खाऱ्या हवेशी झुंजायचं काम त्याचं. ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असलेला थर नुसत्या जस्तापेक्षा जास्त टिकतो. वॉरंटीत समुद्रापासूनच्या अंतराची अट असते का, तेही बघा. आमचं घर तर पुळणीलाच लागून!

कामाच्या वेळी ग्राइंडर लावू दिला नाही. त्याच्या ठिणग्यांनी थर जळतो आणि तिथूनच गंज धरतो. पत्रे कातरीनेच कापले. स्क्रू पुढच्या दुमडीतून आडवे मारले, म्हणजे वारा पत्रा उचलू शकत नाही.

बाबांची तक्रार एकच: कौलांच्या फटींतून येणारा वारा बंद झाला, माळ्यावर उकडतं. म्हणून आढ्याला हवेची वाट ठेवली. पहिल्या पावसात पन्हळीत थोडे कण उतरतात, त्याला घाबरू नका.