कसोटीवरची दुसरी रेघ

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, बँकेच्या शाखेत मी सोनेतारण कर्जाचे काम पाहते. या कर्जात बँकेला कसलीच जोखीम नाही, असे बाहेरच्यांना वाटते. सोने तिजोरीत असते आणि त्याचा दर रोज वर्तमानपत्रात छापून येतो. प्रत्यक्षात सगळी जोखीम सुरुवातीच्या काही मिनिटांत असते. दागिना गिऱ्हाइकासमोर तोलायचा, त्याच्यासमोरच घासायचा आणि त्याच्यासमोरच पाकिटात सीलबंद करायचा. तेवढ्या वेळात तो क्षणभरही त्याच्या नजरेआड होता कामा नये, कारण ‘बँकेत बदलला’ या आरोपाला मागाहून देण्याजोगे उत्तर कुणाकडेच नसते.

ही मिनिटे ज्याच्या भरवशावर जातात तो सराफ बँकेचा नोकरही नसतो. त्याला पगार नाही, कर्जामागे ठरलेले शुल्क काय ते मिळते. सोने खोटे निघाले तर वसुलीची पहिली नोटीस मात्र त्याच्याच नावाने निघते. आमच्या सराफ काकांना काउंटरच्या टोकाशी एक स्टूल दिलेले आहे आणि पंख्याचा वारा तिथवर पोहोचत नाही. याविषयी मी वरिष्ठांना अनेकदा सांगितले, पण ज्याच्या शब्दावर लाखोंची कर्जे दिली जातात त्याच्या खुर्चीसाठी आमच्याकडे तरतूद नसते.

जून महिन्यात बी-बियाणे आणि शाळा-कॉलेजची फी एकदमच येऊन पडते, त्यामुळे आमच्याकडे रांग लागते. अशाच एका दिवशी साठीच्या एक बाई मुलाला बरोबर घेऊन आल्या. खाणावळीत पोळ्या लाटण्याचे काम करतात, आणि नातवाच्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी पैसे हवे आहेत, एवढेच त्यांनी सांगितले. खणाच्या पिशवीतून त्यांनी एक बोरमाळ आणि पाटल्यांची जोडी काढून काउंटरवर ठेवली.

बोरमाळेचे मणी पोकळ असून आत लाख भरलेली असते, म्हणून वजनातून ती अंदाजाने वजा करावी लागते. बहुतेक गिऱ्हाइके याच मुद्द्यावर भांडतात. बाईंनी फक्त किती वजा केली एवढे विचारले आणि मान डोलावली.

पाटल्या जुन्या होत्या, म्हणजे हॉलमार्कचा प्रश्नच नव्हता. काकांनी एक पाटली एका तळहातावर, दुसरी दुसऱ्यावर घेतली आणि ते थांबले. मग त्यांनी दोन्ही वेगवेगळ्या तोलल्या. एक वीस ग्रॅमच्या वर गेली. दिसायला हुबेहूब तशीच असलेली दुसरी जेमतेम दहा ग्रॅम भरली. सोन्याचा मुलामा दिलेले पितळ त्याच आकाराला साधारण निम्म्यानेच भरते, त्यामुळे पुढचे सगळे उपचारापुरते होते. तरीही काकांनी दुसऱ्या पाटलीची कड कानशीने जराशी खरवडली, काळ्या दगडावर दोघींच्या दोन रेघा ओढल्या आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडला. एक रेघ पिवळीच राहिली. दुसरी हिरवट होऊन फेसाळली आणि पुसली गेली.

मुलाने आवाज चढवला. “आईनं जन्मभर सांभाळल्यात त्या पाटल्या. हितं आत गेल्या तवा दोन्ही सोन्याच्या हुत्या.” रांगेतली माणसे पुढे सरकली. काकांचा चेहरा उतरला, कारण या एका वाक्याने वीस-पंचवीस वर्षांचे नाव जाऊ शकते, हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते.

बाईंनी मुलाकडे मान वळवली. “आत कुठं गेल्या? माझ्या डोळ्यांम्होरं हायत की. काकांची माफी माग आन् भाईर जाऊन बस.” त्याने माफी मागितली नाही, पण तो बाहेर गेला. मग त्यांनी दगड जवळ घेऊन दोन्ही जागा नीट पाहिल्या आणि विचारले, “मॅडम, बोरमाळ आन् एकीवर किती मिळतील?” मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या हिशेबाने रक्कम सांगितली. गरजेपेक्षा ती बरीच कमी होती. “चालंल,” एवढेच त्या म्हणाल्या.

काका शुल्क घ्यायला तयार नव्हते. बाईंनी ते मोजून दिले आणि पावती घेतली. अर्जावर सही करताना त्यांनी मला आणखी एक ओळ लिहायला सांगितली: एक पाटली सोन्याची नाही, हे मला समोर दाखवून ती मला परत दिली. “उद्या ह्या काकांवर कुणी बोट दाखवाय नको.” आमच्या अर्जात अशा मजकुराला जागा नाही. मी तो पाठीमागे लिहिला आणि त्याखाली त्यांनी एकेक अक्षर जुळवत सही केली.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचे मत वेगळे आहे. त्याचे म्हणणे असे, की रोज कणकेचे गोळे एका मापाचे तोडणाऱ्या हाताला निम्म्या वजनाची पाटली कळली नाही हे शक्यच नाही. बाईंना ठाऊक होते, खपली तर खपली म्हणून आणली, आणि पकडली गेल्यावरचा तो शांतपणा निर्ढावलेपणाचा होता. वजनाविषयीचा त्याचा मुद्दा मला खोडता येत नाही. परंतु जिला पाटली खपवायची आहे ती खऱ्या जोडीदारणीबरोबर, तुलना सर्वांत सोपी होईल अशा रीतीने, ती कशाला मांडील? आणि मुलाने आयता उभा केलेला आरोप स्वतःच्या तोंडाने का पाडील? खोटे सोने घेऊन येणारे मी पाहिले आहेत. ते ताठ बसत नाहीत. ते दवाखान्यातल्या मुलीची गोष्ट सांगतात आणि लवकर करा म्हणून हात जोडतात. तरीही हात जोडणारा गरीब आणि मान वर ठेवणारा बनेल, हा आमच्या खात्यातला जुना समज काही केल्या जात नाही. गरिबाने तर मान वर ठेवलेली आमच्यातल्या अनेकांना खपतच नाही.

बाई गेल्यावर काका मला म्हणाले, की त्या पाटलीच्या मळसूत्राजवळचा डाग, म्हणजे झाळलेला सांधा, नवा आहे, काम फार तर दोन-तीन वर्षांपूर्वीचे असावे. मग हे त्यांना का सांगितले नाही, असे मी विचारले. “त्यांनी विचारलं नाही,” काका म्हणाले. बाईंना आधीपासून ठाऊक होते, की दगडावरची रेघ पुसली गेली तेव्हाच त्यांना घरातले कोण ते कळले, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. पहिली शक्यता खरी ठरली, तर माझ्या मनात त्यांच्याविषयी जे मत झाले आहे त्याचे काय करायचे, हेही ठरत नाही.

कर्ज मुदतीच्या आधी फिटले. “हुशार माणसं कर्ज वेळेवरच फेडतात,” असे सहकारी म्हणाला. पुढे तपासणीला आलेल्या ऑडिटरने अर्ज उलटा करून मागची ओळ वाचली आणि हे कोणत्या परिपत्रकानुसार लिहून घेतले, असे विचारले. कोणत्याच नाही, कर्जदाराने सांगितले म्हणून लिहिले, असे मी उत्तर दिले. त्यांनी त्या ओळीपुढे तांबड्या पेनाने प्रश्नचिन्ह काढले आणि पुढची फाइल मागितली.