दातांची वही: तीन पाट्या बदलल्या

या महिन्यात डायनासोरचा नवा जीवाश्म दात एकही घेतला नाही. जुने अकराच पुन्हा भिंगाखाली धरले आणि त्यांतल्या तिघांची नावं बदलावी लागली.

सगळे मोरोक्कोच्या केम केम नावाच्या खडकथरांतले, साधारण साडेनऊ ते दहा कोटी वर्षांपूर्वीचे. पहिला दणका लाडक्या कार्कारोडोन्टोसॉरसने (मोठा मांसाहारी डायनासोर) दिला. उंची 31 मिमी, दोन्ही कडांना करवतीसारखे दाते, म्हणून डोळे झाकून ते नाव लिहिलं होतं. पण मुकुट (दाताचा मुळावरचा भाग) बुटका आहे, मागची कड जवळजवळ सरळ, आणि कार्कारोडोन्टोसॉरसच्या दातांवर कडेलगत इनॅमलला ज्या आडव्या सुरकुत्या दिसतात त्यांचा इथे पत्ताच नाही. मागच्या कडेच्या मध्यावर 5 मिमीत 14 दाते भरले. अर्थात नुसत्या मोजणीवर विसंबू नका. पिल्लांच्या छोट्या दातांवरही दाते बारीकच असतात. आता पाटी 'अबेलिसॉरिड?' (मांसाहारी डायनासोरांचं दुसरं कुळ), प्रश्नचिन्हासकट.

दुसरी दुरुस्ती सोपी. शंकूसारखा, उभ्या रेघांचा, करवतीविना दात. 'स्पायनोसॉरस' हे एकाचं नाव खोडून 'स्पायनोसॉरिड' हे अख्ख्या कुळाचं नाव केलं. एकट्या दातावरून प्रजाती सांगण्याचा हट्ट मी सोडला आहे.

तिसऱ्याने मात्र जीव खाल्ला. लांबलचक मुळासकटचा देखणा दात, माझ्या कपाटाची शान! खरं तर मूळ बघूनच शंका यायला हवी होती. हे प्राणी आयुष्यभर दात टाकत आणि नवे उगवत. माजुंगासॉरस या मांसाहारी डायनासोरला एकेका जागी नवा दात यायला 2 महिनेही लागत नसत. दात पडेपर्यंत मूळ बहुतेक विरघळून गेलेलं असे, त्यामुळे सुटे मिळणारे बरेचसे दात म्हणजे नुसते मुकुट. अतिनील टॉर्च मारला तर मुकुट आणि मुळाच्या मधोमध एक पट्टा वेगळाच चमकला. डिंक आणि वाळू.

दोन रात्री धीर होईना. शेवटी ॲसिटोनचा बोळा जोडावर ठेवला, तास-दीड तासात मूळ हातात आलं. मुकुटाच्या तळाशी छान खोलगट खळगा निघाला, म्हणजे हा बिचारा जनावर जिवंत असतानाच पडलेला. मुकुट अस्सल आहे, कार्कारोडोन्टोसॉरिडच, सुरकुत्याही आहेत. उंची 84 वरून 47 मिमीवर आली.

मूळ कोणाचं ते कळलं नाही. वेगळ्या डबीत टाकलंय.